किरणांना पुरून उरणारा जंतु

सन १९५६ च्या ऑगस्ट महिन्याच्या ४ तारखेस मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर तुर्भे येथें, ज्या जागेस इंग्रजी नकाशांत ट्रॉम्बे म्हणतात तेथें, ‘अप्सरा’ नांवाची अणुभट्टी प्रथम चालूं झाली. रशियाचा प्रदेश वगळला तर आशिया खंडांतील ती पहिलीच भट्टी होय. पाण्यानें भरलेल्या तिच्या हौदांत जें निळें तेज दिसे त्यावरून पंडित नेहरूंनीं तिचें हें नांव ठेविलें. त्याच वर्षीं सातासमुद्रांपलीकडे, अमेरिकेंतील ऑरेगन संस्थानांत, कॉर्व्हालिस गांवच्या शेतकी प्रयोगशाळेंत मांसाचा एक बंद डबा कुजला. ह्या दोन गोष्टींचा परस्परांशीं कांहींएक संबंध असेल असें त्या दिवशीं कोणाच्या स्वप्नींहि आलें नसतें. परंतु त्या कुजलेल्या डब्यांत जो जंतु सांपडला त्याचें घर पुढें तुर्भ्यासच व्हावयाचें होतें.

डबा कुजला ह्यांत नवल तें काय, असें कोणी विचारील. नवल एवढेंच कीं, तो डबा कुजणें अशक्य मानलें गेलें होतें. आर्थर अँडरसन व त्यांचे सहकारी उष्णता न देतां केवळ गॅमा किरणांनीं मांस टिकवितां येईल काय, हें पाहत होते. कोणताहि जंतु उरणार नाहीं इतकी किरणांची मात्रा त्यांनीं डब्यांस दिली होती. तरीहि एक डबा बिघडला, आणि आंतील मांसांतून गुलाबी-तांबूस रंगाचा एक गोल जंतु वाढून आला. त्यास आरंभीं ‘मायक्रोकॉकस रेडिओड्युरन्स’ हें नांव मिळालें. १९८१ सालीं त्याचें निराळें कुळ मानून ‘डायनोकॉकस’ असें नांव ठरलें. ग्रीक भाषेंत डायनोस म्हणजे भयंकर. वस्तुतः हा जंतु कोणास रोग देत नाहीं, कोणाच्या वाटेस जात नाहीं. त्याचा भयंकरपणा इतकाच कीं, त्याला मारणें कठीण.

किती कठीण, हें आंकड्यांवांचून कळावयाचें नाहीं. शरीराच्या एका किलोग्रॅम वजनांत एक ज्यूल ऊर्जा किरणांवाटे शोषली गेली म्हणजे त्या मात्रेस एक ग्रे म्हणतात. सबंध अंगावर एकाच वेळीं चार-पांच ग्रे मात्रा पडली आणि उपचार झाले नाहींत, तर निम्मीं माणसें दगावतात. आपल्या आंतड्यांत राहणारा ‘ई. कोलाय’ हा जंतु कांहीं शें ग्रेपर्यंत तग धरतो. डायनोकॉकस मात्र पांच हजार ग्रे अंगावर घेऊन जसाच्या तसा वाढूं लागतो. पंधरा हजार ग्रे दिल्यावरहि त्याच्या शंभर पेशींपैकीं तीसाहून अधिक जिवंत निघतात.

हे किरण पेशींत शिरून नक्की काय बिघडवितात? प्रत्येक पेशींत डीएनए नांवाचा दुपदरी, पीळदार धागा असतो. जीवाचें सारें कूळवृत्त त्या धाग्यावर चार अक्षरांच्या लिपींत लिहिलेलें असतें. किरणांचा घाव थेट त्यावर बसतो, किंवा पेशींतील पाण्याचे कण फुटून जे तिखट पदार्थ निर्माण होतात ते त्याला खातात. एक पदर तुटला तर समोरच्या पदरावरून तो पुन्हां लिहितां येतो. दोन्ही पदर एकाच ठिकाणीं तुटले म्हणजे धागाच दुभंगतो, आणि हा घाव सर्वांत घातक.

अशा घावांतून क्वचित् मनुष्याचा लाभहि होतो, आणि चिखलीच्या श्रोत्यांना त्याचें उदाहरण दूर शोधावें लागणार नाहीं. शेजारच्या पिंपरीस १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ह्या कारखान्याची स्थापना झाली आणि जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ ह्यांच्या साह्यानें तेथें पेनिसिलिन तयार होऊं लागलें. जगभरच्या कारखान्यांनीं जी पेनिसिलिनची बुरशी पुढें वापरली तिचें मूळ १९४३ सालीं अमेरिकेंत पिओरिया गांवच्या बाजारांतील एका नासक्या खरबुजावर सांपडलें. त्या बुरशीवर आधीं क्ष-किरण आणि मग जंबुपार किरण, ज्यांस हल्लीं अतिनील म्हणतात, टाकून तिचे नवे वाण पाडण्यांत आले, आणि त्या वाणांनीं औषधाचें उत्पन्न कित्येक पटींनीं वाढविलें. म्हणजे धाग्यावर घाव बसला, तो दुरुस्त होतांना एखादें अक्षर बदललें, आणि त्या बदलाचा माणसानें फायदा घेतला. बहुतेक बदल मात्र निरुपयोगी किंवा मारकच असतात.

पेशी आपला धागा दुरुस्त करते, ही कल्पना आज शाळेंतल्या मुलासहि सांगतां येते. परंतु ती शास्त्रज्ञांच्या गळीं उतरण्यास वेळ लागला. १९४९ च्या सुमारास अल्बर्ट केल्नर हे न्यूयॉर्कजवळील कोल्ड स्प्रिंग हार्बर येथें स्ट्रेप्टोमायसेस ग्रिसियस ह्या जंतूच्या बीजकणांवर जंबुपार किरण टाकीत होते. स्ट्रेप्टोमायसिन हें क्षयावरील औषध देणारा तो हाच जंतु. पुढें पिंपरीच्या कारखान्यांतहि हें औषध होऊं लागलें. केल्नर ह्यांच्या प्रयोगांत मेलेल्यांची संख्या एकसारखी येईना. कधीं फार मरत, कधीं थोडे. उष्णतामान तपासलें, आणखीहि कारणें तपासलीं, आणि अखेरीस ध्यानांत आलें कीं, किरण दिल्यानंतर ज्या कुप्यांवर साधा उजेड पडला होता त्यांतील कण जिवंत होत होते. पेशींत एक असें प्रथिन असतें कीं, तें धाग्यावरील जंबुपार किरणांनीं बिघडलेली जागा शोधून तिला चिकटतें आणि उजेडाची ऊर्जा घेऊन तो बिघाड सोडवितें, हें नंतर सिद्ध झालें. ह्या प्रथिनावर व धाग्याच्या इतर दुरुस्तीवर ज्यांनीं आयुष्य वेंचलें त्यांतील अझीझ सँकार, टोमास लिंडाल व पॉल मॉड्रिच ह्यांना २०१५ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. दुरुस्तीच्या कथेंत नायकाची जागा प्रथिनाची आहे, हें केल्नर ह्यांच्या कुप्यांपासून दिसूं लागलें होतें.

परंतु डायनोकॉकसच्या बाबतींत विद्वानांनीं आधीं निराळाच तर्क लढविला. ह्या जंतूचा धागा कशानें तरी झांकलेला असावा, किरण त्यापर्यंत पोंचतच नसावेत, असें पुष्कळांस वाटे. तर्क मोठा स्वाभाविक, पण मोजमापापुढें टिकला नाहीं. एकाच मात्रेनें ई. कोलायचा धागा जितक्या ठिकाणीं तुटतो, जवळजवळ तितक्याच ठिकाणीं डायनोकॉकसचाहि तुटतो. सात हजार ग्रे मात्रा दिल्यावर त्याच्या बत्तीस-तेहतीस लाख अक्षरांच्या ग्रंथाचे वीस-तीस हजार अक्षरांचे तुकडे होऊन पडतात. आणि सुमारें तीन तासांत ते सारे तुकडे आपापल्या जागीं जोडलेले दिसतात! लोकप्रिय लेखांतून ह्या जंतूस ‘अभेद्य’ म्हणण्याची रीत पडली आहे. ती चुकीची आहे. भेद त्याचाहि होतो, आणि भरपूर होतो.

हे तुकडे जोडले कसे जातात? २००६ सालीं मिरोस्लाव्ह राडमन ह्यांच्या पॅरिस येथील मंडळींनीं ह्याचा उलगडा केला. तो समजण्यास इंद्रायणीकांठचाच एक दाखला उपयोगी पडेल. १८६९ सालीं इंदुप्रकाश छापखान्यानें तुकारामबोवांची गाथा छापावयास घेतली, तेव्हां संपादकांनीं देहू, तळेगांव, कडूस आणि पंढरपूर येथील हस्तलिखितें ताडून पाहिलीं. आतां कल्पना करावी कीं, हीं चारी हस्तलिखितें फाटून त्यांचे कपटे एकत्र झाले आहेत. प्रत्येक प्रत निरनिराळ्या ठिकाणीं फाटलेली असल्यामुळें एकीचा जो अभंग मधेंच तुटला असेल तो दुसरीच्या कपट्यावर अखंड मिळेल. एका कपट्याच्या शेवटच्या ओळी दुसऱ्याच्या आरंभींच्या ओळींशीं जुळवीत गेलें म्हणजे सबंध गाथा पुन्हां उभी राहील. डायनोकॉकसच्या एकेका पेशींत ग्रंथाच्या चार ते दहा प्रती असतात, आणि तो नेमका हाच उद्योग करतो. तुकड्यांच्या टोंकांशीं एकेक पदर उघडा केला जातो, दुसऱ्या तुकड्यावर जुळता मजकूर शोधून त्यावरून तो लांबविला जातो, आणि लांबलेले पदर एकमेकांस चिकटून मोठा धागा तयार होतो.

प्रती पुष्कळ असल्या म्हणजे काम भागतें, असें मात्र नव्हे. प्रती बाळगणारे दुसरेहि जंतु आहेत आणि ते किरणांनीं मरतात. कपटे वाऱ्यावर उडून गेले, वाळवीनें त्यांच्या कडा खाल्ल्या, तर जुळविणारा तरी काय करील? पेशींत ही वाळवी असतेच. तुटक्या टोंकापासून धागा कुरतडीत जाणारीं विकरें पेशीच्या नित्याच्या कारभारांतलीं आहेत. म्हणून खरा प्रश्न असा कीं, जोडणी होईपर्यंत तुटकीं टोंकें धरून कोण ठेवतें?

१९९९ सालीं ह्या जंतूचा सबंध ग्रंथ वाचण्यांत आला, तेव्हां त्यांत एखादें अद्भुत यंत्र सांपडेल अशी अपेक्षा होती. तसें कांहीं सांपडलें नाहीं. दुरुस्तीचीं बहुतेक साधनें ई. कोलायपाशींहि होतीं, कांहीं तर त्याच्यापाशीं अधिक होतीं. पुष्कळांची निराशा झाली. मग शोध उलट बाजूनें सुरू झाला. किरण पडल्यावर पेशी कोणतीं प्रथिनें घाईघाईनें बनविते, हें लुइझियाना येथें जॉन बॅटिस्टा व त्यांच्या सहकाऱ्यांनीं पाहिलें. २००४ सालीं त्यांनीं जी यादी दिली तींत पांच जनुकें सर्वांच्या पुढें होतीं. त्यांचीं नांवें नीरस आहेत, पण तीं प्रथिनें नीरस नाहींत.

त्यांतलें ‘डीडीआरए’ हें प्रथिन तुटक्या धाग्याच्या उघड्या एकेरी टोंकास चिकटतें आणि वाळवीस तेथें शिरूं देत नाहीं. तें नसलेल्या जंतूंस किरण देऊन उपाशी ठेविलें तर त्यांचा धागा दिवसेंदिवस झिजत जातो. तें असलेल्यांचा टिकून राहतो. ‘डीडीआरबी’ हें पांच घटकांचें कडें असून दोन एकेरी पदर एकमेकांस जुळवून देण्यांत त्याची हुशारी आहे. ‘पीपीआरए’ हें प्रथिन जपानांत इस्सेई नारुमी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं प्रथम नीट तपासलें. तें दुपदरी धाग्याच्या तुटक्या टोंकांवर बसतें, कुरतडणें थांबवितें, आणि सांधा करणाऱ्या विकराच्या कामास वेग देतें. ह्या खास प्रथिनांच्या जोडीस दोन जुनीं, जवळजवळ सर्व जंतूंत आढळणारीं प्रथिनेंहि आहेत. ‘एसएसबी’ उघड्या पदरावर आच्छादन घालतें. डायनोकॉकसांत त्याची घडण इतरांहून मोठी आहे. आणि ‘रेकए’, ज्याचें जनुक कॅलिफोर्नियांत क्लार्क व मार्ग्युलीस ह्यांना १९६५ सालीं ई. कोलायमध्यें गवसलें, तें एकेरी पदराभोंवतीं मण्यांसारखें गुंफलें जाऊन जुळता मजकूर शोधीत फिरतें. रेकए काढून घेतलें तर डायनोकॉकसची सारी मिजास उतरते. ह्यांखेरीज ‘डीपीएस’ नांवाचीं दोन प्रथिनें पेशींतील लोह आपल्या पोकळ गोळ्यांत कोंडून ठेवतात; कारण मोकळें लोह असलें म्हणजे ते तिखट पदार्थ अधिकच माजतात.

येथें कोणासहि शंका यावी कीं, ह्या जंतूस एवढी तयारी करण्याचें कारण काय पडलें? पृथ्वीवर पांच हजार ग्रे मात्रा एकदम मिळेल अशी नैसर्गिक जागा नाहीं. आपल्याभोंवतींच्या सामान्य किरणोत्सर्गापासून तेवढी मात्रा सांचावयास दहा लाखांहून अधिक वर्षें लागतील. केरळच्या किनाऱ्यावरील मोनाझाईटच्या वाळूंतहि हजारों वर्षें लागतील. जो शत्रु कधीं दारीं आलाच नाहीं त्याच्याविरुद्ध तट कोणी बांधला? ह्याचें उत्तर १९९६ सालीं बॅटिस्टा ह्यांच्याच प्रयोगशाळेंतून आलें, आणि तें महाराष्ट्रांतल्या शेतकऱ्यासहि पटण्याजोगें आहे. शत्रु किरण नव्हते. तो दुष्काळ होता. पेशी पार वाळली म्हणजेहि तिचा धागा जागोजाग तुटतो. डायनोकॉकसचे जे वाण किरणांपुढें दुबळे ठरले होते ते वाळवून पाहिले, तर तेहि टिकले नाहींत. वर्षानुवर्षें कोरड्या मातींत पडून राहून पहिल्या पाण्याबरोबर उठण्याची जी शक्ति ह्या जंतूनें कमावली, तीच त्याला अणुयुगांत उपयोगी पडली.

आतां तुर्भ्याकडे वळूं. अप्सरा जेथें चालूं झाली त्या संस्थेस १९६७ सालीं भाभा अणुसंशोधन केंद्र असें नांव मिळालें. तेथील जीवशास्त्र विभागांत डॉ. श्रीकुमार आपटे आणि डॉ. हरिशरण मिश्र ह्यांच्या चमूंनीं ह्या जंतूवर दीर्घ काळ काम केलें. अणुभट्ट्यांच्या घरीं हा अभ्यास व्हावा हें स्वाभाविकच. किरणांचें भय काय आणि त्यावर सजीवांपाशीं उपाय काय, हा प्रश्न तेथें केवळ पुस्तकी नाहीं.

आपटे ह्यांच्या प्रयोगशाळेनें २०१० सालीं एसएसबीच्या जनुकाविषयीं जें दाखविलें तें दुष्काळाच्या सुबक सिद्धांतास थोडा छेद देणारें होतें. ह्या जंतूच्या दुरुस्तीच्या जनुकांपुढें सतरा अक्षरांची एक ठराविक खूण असते; तिला किरण व कोरडेपणा ह्या दोहोंच्या प्रतिसादाची खूण असें नांव पडलें होतें. तुर्भ्यास असें आढळलें कीं, एसएसबीचें जनुक ह्या खुणेमुळें गॅमा किरणांनीं जागें होतें, परंतु वाळविल्यानें होत नाहीं. म्हणजे दोन संकटांची हांक जंतूस एकच वाटत नाहीं. निदान ह्या जनुकास तरी वाटत नाहीं. ‘दुष्काळ’ हें एका शब्दाचें उत्तर सांगून जे मोकळे होतात त्यांनीं हा प्रयोग ध्यानांत ठेवावा. ह्या खुणेवर एरवीं ‘डीडीआरओ’ नांवाचें प्रथिन कुलपासारखें बसलेलें असतें. किरणांचा घाव बसला कीं दुसरें एक प्रथिन तें कुलूप तोडतें आणि दुरुस्तीचीं सारीं जनुकें एकदम मोकळीं होतात. गंमत अशी कीं, कुलूपहि धाग्यास चिकटणारें प्रथिनच! २०१२ सालीं ह्याच प्रयोगशाळेनें किरण दिल्यानंतर पेशींतील प्रथिनांचा ताळेबंद मांडला, तेव्हां वाढलेल्या प्रथिनांत धागा दुरुस्त करणारीं आणि तिखट पदार्थांचें शमन करणारीं हींच प्रामुख्यानें दिसलीं.

मिश्र ह्यांच्या चमूनें निराळा धागा धरला. ई. कोलायमध्यें घावाची वर्दी देण्याची जी प्रसिद्ध व्यवस्था आहे ती डायनोकॉकसांत त्या रूपानें चालत नाहीं. मग वर्दी जाते कशी? २०१० सालीं त्यांनीं पेशीच्या आवरणांतील एका विकराची ओळख पटवून दिली. तें विकर काढून टाकलें तर जंतु किरणांपुढें दुबळा होतो व तुटके धागे जुळेनासे होतात. हेंच विकर पीपीआरएवर फॉस्फेटचा शिक्का मारतें, आणि शिक्का बसला म्हणजे तें प्रथिन धाग्यास अधिक घट्ट धरतें, हें पुढील संशोधनांत दिसून आलें.

ह्या सगळ्यावर एक मोठा आक्षेप आहे, आणि तो टाळून चालणार नाहीं. अमेरिकेंतील मायकेल डेली ह्यांनीं २००४ पासून असें प्रतिपादन केलें कीं, लोक धाग्याकडेच पाहत बसले, परंतु किरणांनीं आधीं मरतात तीं प्रथिनें. डायनोकॉकसांत मँगेनीज फार व लोह त्या मानानें कमी; मँगेनीजचे छोटे संयुग प्रथिनांना तिखट पदार्थांपासून वांचवितात, म्हणून जंतु वांचतो. वाद पुष्कळ रंगला. वास्तविक पाहतां दोन्ही पक्ष एकाच घराच्या दोन भिंती बांधीत होते. घर कोसळल्यावर तें उभारावयास गवंडी लागतो, आणि गवंडीच जखमी होऊन पडला तर विटांचा ढीग काय कामाचा? मँगेनीज गवंड्यांना वांचवितें, आणि वांचलेले गवंडी टोंकें धरून भिंत चढवितात. डेली ह्यांचें म्हणणें खरें धरल्यानें पीपीआरए वा रेकए ह्यांचें मोल कमी होत नाहीं. उलट तीं शाबूत असण्यावरच सारें अवलंबून आहे, हें अधिक स्पष्ट होतें.

ह्या विद्येचा व्यवहाराशीं संबंध तुर्भ्यासच जडलेला आहे. १९७४ सालीं तेथें ‘आयसोमेड’ नांवाचें केंद्र सुरू झालें. कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांनीं तेथें वैद्यकीय सामान, पाकीट न उघडतां, निर्जंतुक करण्यांत येऊं लागलें. त्यासाठीं पंचवीस हजार ग्रे ही मात्रा रूढ आहे. सामान्य रोगजंतु त्याच्या कितीतरी आधींच संपतात; तरी मात्रा एवढी मोठी ठेविली जाते, कारण बीजकण धरणाऱ्या चिवट जंतूंचाहि हिशेब धरावा लागतो. ह्या बीजकणांतहि धाग्यास चिकटणारीं लहान लहान प्रथिनें असतात आणि तीं धाग्यावर लपेटून त्याचें, विशेषतः जंबुपार किरणांपासून, रक्षण करतात. कांद्यास मोड येऊं नये म्हणून नाशिक जिल्ह्यांत लासलगांव येथें २००२ सालीं जें किरण-केंद्र निघालें तेथें मात्र शंभर ग्रेहूनहि कमी मात्रा पुरते. मोड थांबविणें आणि जंतु निःशेष करणें ह्यांत इतकें अंतर आहे.

जंतूस मारण्याचा हा हिशेब झाला. परंतु त्यास जगवून कामास लावण्याचा प्रयोगहि तुर्भ्यानेंच केला. अणुइंधनाच्या कारखान्यांतून जें पाणी निघतें त्यांत युरेनियम विरघळलेलें असतें. तें गाळून घेण्यास जंतु वापरावेत तर किरणांनीं ते स्वतःच मरतात. आपटे व त्यांच्या सहकाऱ्यांनीं विषमज्वराच्या जंतूच्या एका स्थानिक वाणांतून फॉस्फेट मोकळें करणाऱ्या विकराचें जनुक घेऊन तें डायनोकॉकसांत बसविलें. मोकळें झालेलें फॉस्फेट युरेनियमशीं संयोग पावून सांका होऊन तळाशीं बसतें. २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या ह्या प्रयोगांत युरेनियमच्या विरळ द्रावणांतून नव्वद टक्क्यांहून अधिक युरेनियम सहा तासांत खालीं बसलें. मग त्याच जंतूंस सहा हजार ग्रे गॅमा किरण देऊन पुन्हां पाहिलें. त्या मात्रेनें त्यांचे धागे तुटले असणारच. तरीहि युरेनियम खालीं बसविण्याचें त्यांचें काम चालूं राहिलें.